झारीतला शुक्राचार्य आणि डुबलेला तारा

२०२४ चा मे महिना इंदूरच्या मराठी घरांना चांगलाच आठवत असेल. गुरूचा अस्त, शुक्राचाही अस्त, आणि भर लग्नसराईत मुहूर्तच नाहीत. आमच्या भाचीचं लग्न नेमकं त्याच महिन्यात ठरत होतं. मुलगा इथलाच, माहेश्वरी घरातला, दोघं एकाच ऑफिसात. आमच्या गुरुजींनी मराठी पंचांग उघडून काढीव मुहूर्त दिला, गौणकालातला आहे, म्हणजे मुख्य मुहूर्त नाही, पण अडचणीला चालतो म्हणाले. संध्याकाळी मुलाच्या काकांचा फोन, 'भाईसाब, तारा डूबा हुआ है, अभी कैसे करें?' झालं. त्या रात्रीपासून फॅमिली ग्रुपवर जी जुंपली ती चांगली पंधरा दिवस चालली.

एका बाजूला आमचे मोठे भाऊजी. त्यांचं म्हणणं शुक्र म्हणजे वैवाहिक सुख, त्याच्या किरणांचा आपल्या शरीरावर परिणाम होतो, तो अस्त असला की किरणं पोचत नाहीत, हे सगळं सायन्स आहे आणि आपल्या ऋषींना ते आधीच माहीत होतं. दुसऱ्या बाजूला आमचा पुतण्या, पुण्यात शिकलेला. त्याने एकच फोटो टाकला, खाली लिहिलं की हे बघा तुमचं वैवाहिक सुख, ४६५ डिग्री तापमान, सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे ढग, पृथ्वीच्या नव्वद पट दाब, जा करा हनिमून. मग हसण्याच्या इमोजी, मग कुणाच्या तरी भावना दुखावल्या, मग दोन जण ग्रुप सोडून गेले. मी सगळं वाचत होतो आणि मला सारखं वाटत होतं की हे दोघंही आकाशाकडे न बघता भांडतायत. माझं मत आधीच सांगून टाकतो. शुक्राला लग्नाच्या निर्णयातून बाहेर काढावं, अस्त असो की उदय, पत्रिकेत तो कुठेही बसलेला असो. पण त्यासाठी नासाचा दाखला लागत नाही. आपलं पंचांग, आपलं पुराण आणि आपली मंगलाष्टकं एवढं पुरे आहे.

आधी पुतण्याचं बघू, कारण मी त्याच्या बाजूचा आहे असं समजून त्याने मला प्रायव्हेटमध्ये टाळी दिली होती. त्याची माहिती खरी आहे. १९७० साली रशियाचं व्हेनेरा ७ शुक्रावर उतरलं, पुढे १९८२ मध्ये व्हेनेरा १३ तिथे दोन तास सात मिनिटं तग धरून राहिलं, म्हणजे आपल्याकडची एक फिल्मसुद्धा पुरी व्हायची नाही एवढ्या वेळात यंत्र संपलं. पण मुद्दा काय सिद्ध झाला? चंद्रसुद्धा कोरडा दगडच आहे, म्हणून कोजागिरीचं दूध कुणी कढईत ठेवायचं थांबलं का? तिकडे अ‍ॅसिड आहे म्हणून इकडे अर्थ नाही, हा युक्तिवाद काही धड नाही. शुक्रताऱ्याचं नाव काढलं की मराठी माणसाला अरुण दाते आठवतात, आणि दाते मूळचे आपल्या इंदूरचे, रामूभैयांचे चिरंजीव, हे इथल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा, अर्धा तास सोडणार नाही. त्या गाण्यातला तारा काय अ‍ॅसिडने विरघळतो? माणसं तेजाला अर्थ देतात, देत राहतील. भांडण अर्थाशी नाहीये. भांडण त्या अर्थाच्या नावावर कुणाचं तरी अडवून ठेवण्याशी आहे.

आता भाऊजींचं सायन्स. इथे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण 'अस्त' या शब्दातच सगळी गंमत आहे. शुक्र अस्त होतो म्हणजे त्याला काय होतं? काहीच होत नाही. तो आपला फिरतोच आहे. आपल्याला दिसेनासा होतो, बस. सूर्याच्या इतका जवळ येतो की उजेडात हरवतो. सूर्यसिद्धांतात याचं मापसुद्धा दिलंय, शुक्र सरळ चालत असेल तर सूर्यापासून दहा अंशांच्या आत आला की अस्त, वक्री, म्हणजे उलटा सरकताना दिसत असेल तर आठ अंश. आणि हे साधारण एकोणीस महिन्यांत दोन वेळा होतं, दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी. एकदा शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो, तेव्हा तो पृथ्वीपासून साधारण ४ कोटी किलोमीटरवर असतो, कुठल्याही ग्रहापेक्षा जवळ, आणि जेमतेम आठवडाभर दिसेनासा होतो. दुसऱ्यांदा तो सूर्याच्या पलीकडून जातो, तेव्हा जवळजवळ २६ कोटी किलोमीटरवर असतो आणि दोन महिने गायब. २०२४ चा उन्हाळा हा दुसऱ्या प्रकारचा, ४ जूनला तो बरोबर सूर्यामागे होता. आता सांगा भाऊजी, किरणांचाच प्रश्न असेल तर सगळ्यात जवळ असतानाही अस्त आणि सगळ्यात लांब असतानाही अस्त, हे कसं जमायचं? आठवडाभराच्या अस्तात तर त्याचा प्रभाव सगळ्यात जास्त हवा ना? ज्यांनी हा नियम केला त्यांना किरणांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना डोळ्यांशी घेणं होतं. पहाटे उठून, संध्याकाळी गच्चीवर किंवा नदीकाठी उभं राहून, दिसतोय का नाही हे ते बघायचे.

मला स्वतःला असं वाटतं, हा माझा अंदाज आहे, की लग्नाला साक्षी लागतात, अग्नी लागतो, वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची असते, आणि आकाशातला सूर्य-चंद्रानंतरचा सगळ्यात तेजस्वी साक्षीच गैरहजर असेल तर थांबा म्हणणं ही त्या काळची एक सुंदर कल्पना असेल. सुंदर आहे, मान्य. पण आजकाल दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर गुरुजी हॉलच्या सिलिंगच्या पंख्याकडे बोट करून 'ही बघा अरुंधती' म्हणतात आणि नवरा-नवरी माना डोलावतात. अरुंधतीला आपण पंख्यावर भागवतो आणि शुक्राच्या बाबतीत एकदम कडक. का बरं?

आणि हे 'आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं' प्रकरण. इंदूरहून उज्जैन पंचावन्न किलोमीटर, आपण महाकालला जातो, येताना कचोरी खाऊन येतो, पण वराहमिहिर तिथलाच, अवंतीचा, हे किती जणांच्या लक्षात असतं? सहाव्या शतकातला हा माणूस, ज्योतिषात त्याच्याएवढं मोठं नाव नाही. त्याच्या बृहज्जातकात शुक्राचं एक नाव आहे, आस्फुजित्. संस्कृतात याची व्युत्पत्ती लावत बसलात तर डोकं दुखेल, कारण शब्द संस्कृत नाहीच, तो ग्रीकांच्या अ‍ॅफ्रोडायटीचा अपभ्रंश आहे. होरा, केंद्र, हे पत्रिकेतले रोजचे शब्दही तिकडूनच आले. आणि वराहमिहिराने हे लपवलं का? उलट बृहत्संहितेत सरळ लिहून ठेवलं, 'म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्', यवन परके असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय म्हणून ते ऋषींसारखे पूज्य. दीड हजार वर्षांपूर्वी एवढा मोकळा माणूस आपल्या शेजारी होऊन गेला आणि आपण ग्रुपवर काय लिहितो, तर सगळं आमचंच.

बरं, शुक्र म्हणजे प्रेम, शृंगार, वैवाहिक सुख, हे त्या तेजातच भरलेलं असतं तर जगभर सगळ्यांना तेच दिसायला हवं होतं. बॅबिलोनियातल्या लोकांनी अम्मिसदुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या उदयास्ताच्या एकवीस वर्षांच्या नोंदी मातीच्या पाटीवर ठेवल्या, त्यांच्यासाठी ही इश्तार, प्रेमाची देवी आणि युद्धाचीही. मेक्सिकोकडच्या माया लोकांचं शुक्राचं गणित तर थक्क करणारं, ५८४ दिवसांचं एक चक्र, अशी पाच चक्रं म्हणजे बरोबर आठ वर्षं, हे त्यांच्या पोथीत कोष्टक मांडून दिलंय. पण त्यांच्याकडे शुक्र पहाटे पुन्हा उगवला की भीती, तो भाले फेकतो, आज याला मारणार, उद्या त्याला. म्हणजे आपण ज्या उदयाची लग्नासाठी वाट बघतो, त्या उदयाचा ते लोक धसका घ्यायचे! रोमन लोक पहाटेच्या शुक्राला लुसिफर म्हणायचे, प्रकाश आणणारा, आणि पुढे ख्रिस्ती परंपरेत तेच नाव सैतानाला चिकटलं, त्याच बायबलच्या शेवटी येशू मात्र स्वतःला पहाटेचा तेजस्वी तारा म्हणवतो. एकच ठिपका, कुणाची देवी, कुणाचा भालेवाला, कुणाचा सैतान. आपल्याकडे तर तो बाई पण नाही, चांगला दाढीवाला ब्राह्मण आहे, आणि तोही असुरांचा गुरू.

या गुरुजींची गोष्ट आपण विसरलोय म्हणून तर एवढा घोळ. आज कुणाचा शुक्र चांगला म्हटलं की अर्थ काय, तर गाडी, बंगला, हिरा, परफ्युम, मौजमजा. आणि शुक्राचार्य कोण? भृगूचा मुलगा, कवी. गीतेत श्रीकृष्ण म्हणतो कवींमध्ये मी उशना, तो उशना म्हणजे हाच. हरणाऱ्या बाजूचा मास्तर. देवांनी मारायचं आणि याने संजीवनीने उठवायचं. असुरांनी संजीवनी शिकायला आलेल्या कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळून यालाच पाजली, मग कचाला वाचवायला स्वतःचं पोट फाडून घेतलं, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं तर ब्राह्मणांना मद्य निषिद्ध करून टाकलं. मौजमजेच्या ग्रहाने दारूबंदी केलीय हो! आणि बळीराजाचा गुरू हाच. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारे आपण, त्या बळीला वेळेवर सावध करणारा एकटा हाच होता, की समोरचा बटू साधा नाही, तीन पावलं जमीन देऊ नको. बळीने ऐकलं नाही, तर हा संकल्पाच्या झारीत जाऊन तोंड बंद करून बसला, दर्भाच्या काडीने डोळा गमावला, आणि मराठीत कायमचा झारीतला शुक्राचार्य झाला, म्हणजे आतून अडवणारा. खरं बघितलं तर सल्ला त्याचाच बरोबर होता, पण ते असो.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याच्या घरची गोष्ट. वैवाहिक सुखाचा कारक म्हणतात ना याला? याच्या मुलीचं लग्न कसं झालं? देवयानीला शर्मिष्ठेने विहिरीत ढकललं, शिकारीला आलेल्या ययातीने हात धरून बाहेर काढलं, आणि पुढे देवयानीने त्याला सांगितलं की तू माझा उजवा हात धरलास, झालं पाणिग्रहण. ब्राह्मणाची मुलगी, क्षत्रिय राजा, उलट्या वर्णाचं लग्न, राजा घाबरला, तर बापाने सांगितलं की करा, दोष लागला तर तो मी दूर करतो. ना तिथी, ना वार, ना पत्रिका. साक्षात शुक्राचार्य समोर उभे होते आणि त्यांनी मुहूर्त बघितला नाही. संसार पुढे बिघडला, हे खरंय, ययाती शर्मिष्ठेत गुंतला, सासऱ्याने शाप देऊन जावयाला म्हातारा केला. पण महाभारतकार त्याचं खापर ताऱ्यावर फोडत नाही. ययातीच्या खोटेपणावर फोडतो.

आता समोरच्यांचं जे खरोखर वजनदार आहे तेही बोलायला हवं. आमच्या वहिनींनी एक वाक्य टाकलं होतं ज्याला पुतण्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, अरे लग्नच काय नैसर्गिक आहे का, अक्षता काय, सप्तपदी काय, सगळं माणसानेच केलंय, मग त्यात एक तारा पण पाळला तर तुझं काय जातं, दोन महिने थांबायचं एवढंच ना. हे उडवून लावण्यासारखं नाही. आयुष्याच्या एवढ्या मोठ्या उडीला माणूस घाबरतो, कशाचा तरी आधार शोधतो, आणि सगळं घर एका तारखेवर एकमत होतं हीच एक मोठी सोय आहे. पंचांग नसतं तर आमच्या घरात तारीख ठरायला तीन पिढ्या गेल्या असत्या.

पण 'एवढंच' नसतं ना. आमच्याकडे दोन महिन्यांचे सहा झाले. जूनअखेर शुक्र उगवला, जुलैत मुहूर्त चार-सहाच आणि लॉन एकही रिकामं नाही, मग चातुर्मास, मग थेट नोव्हेंबर-डिसेंबर. केटररचा अ‍ॅडव्हान्स गेला तो गेला. ऑगस्टमध्ये भाचीच्या आजीला पॅरालिसिसचा झटका आला. तिने नातीसाठी पैठणी आणून ठेवली होती, लग्नाच्या दिवशी व्हीलचेअरवर होती, पण कुणाचं लग्न आहे हे तिला कळत नव्हतं. याचा दोष मी ताऱ्याला देत नाही, भाऊजींसारखं मलाही मग करावं लागेल. एवढंच म्हणतो की थांबण्यात नुकसान नाही हे वाक्य फक्त ज्याच्याकडे वेळ पडून आहे तोच बोलू शकतो.

आणि याहून वाईट म्हणजे सप्तपदीत कुणाला दोषी धरत नाहीत, पत्रिकेतल्या शुक्रात धरतात. शुक्र-मंगळ युती आहे म्हणून मुलीच्या चारित्र्याबद्दल कुजबुज झालेली मी याच शहरात, पोहे-जलेबीच्या बशा हातात असताना ऐकलीय. तीच युती मुलाच्या पत्रिकेत असली की तो 'रसिक'. मुलगी गप्प, तिची आई गप्प, कारण ताऱ्याशी वाद कसा घालणार? त्या ग्रहावरची गंमत सांगतो. शुक्रावरच्या जवळजवळ सगळ्या डोंगर-दऱ्यांना, विवरांना बायकांची नावं देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तिथे एक पठार लक्ष्मीच्या नावाचं आहे, आणि एक विवर आपल्या आनंदीबाई जोशींच्या नावाचं, दुसरं पंडिता रमाबाईंच्या. आनंदीबाईंचं नवव्या वर्षी लग्न झालं, १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या. रमाबाईंनी जातीबाहेर लग्न केलं म्हणून लोकांनी काय काय ऐकवलं. या दोघी आज शुक्रावर आहेत, आणि आपण खाली बसून कुणाच्या तरी मुलीचा शुक्र बिघडलाय म्हणून स्थळ परत पाठवतो.

परंपरा सोडायची का मग, असा प्रश्न लगेच येतो. अहो, परंपरा कुठली ते आधी ठरवा. सोळाव्या शतकात कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला, त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेऊन जुन्या ग्रंथांतल्या चुका दाखवणारे. पुढे तीनशे वर्षं लोकांनी आकाशाकडे बघायचं सोडून नुसतं ग्रहलाघवावरून पंचांग केलं, आणि गणित आकाशाशी जुळेना. तेव्हा एकोणिसाव्या शतकात गणिती केरूनाना छत्रे उभे राहिले, पुढे लोकमान्य टिळक, ज्योतिर्गणिती केतकर, आणि पंचांगातलं गणित डोळ्याला दिसतं त्याच्याशी जुळलंच पाहिजे म्हणून पुण्या-मुंबईत केवढे वाद झाले. हे कुणी नास्तिक होते का? ओडिशातले चंद्रशेखर सामंत तर इतके कर्मठ की जगन्नाथाच्या देवळाचं पंचांग त्यांच्या गणितावर चालतं, आणि ९ डिसेंबर १८७४ ला शुक्र सूर्यबिंबावरून गेला तेव्हा स्वतः बनवलेल्या साधनांनी त्यांनी तो बघितला. मद्रासचे चिंतामणी रघुनाथाचारी, त्यांनी त्याच अधिक्रमणावर देशी भाषांतून पुस्तिका काढली, लोकांनी बघावं म्हणून. उज्जैनची जयसिंगाची वेधशाळा पडायला आली होती, ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली, ते काय पाश्चात्त्यांचं अनुकरण होतं? मी स्वतः ८ जून २००४ ला दुपारी गच्चीवर पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडून शुक्राचा काळा तीळ सरकताना बघितलाय. शेजारच्या काकू पदर डोक्यावर घेऊन आल्या, बघून हात जोडले, मग विचारलं परत कधी? २०१२ ला, आणि मग एकदम २११७ ला, म्हटल्यावर दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. त्या काकूंच्या नमस्काराशी माझं काहीही भांडण नाही.

आणि गुरुजींना विचारायचा माझा एकच प्रश्न आहे. मंगलाष्टकं संपताना, अंतरपाट दूर व्हायच्या आधी, तुम्ही काय म्हणता? 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव'. म्हणजे लक्ष्मीपतीच्या पायांचं स्मरण हेच लग्न, हाच चांगला दिवस, हेच ताऱ्यांचं बळ आणि हेच चंद्राचं. प्रत्येक मराठी लग्नात, हजार माणसांसमोर, माईकवर हे म्हटलं जातं, आणि त्याच माणसांनी सहा महिने ताराबलासाठी मुलांना थांबवून ठेवलेलं असतं. ऐकतं कोण? सगळे अक्षता कुठे टाकायच्या आणि जेवायला कुठून घुसायचं बघत असतात.

भाचीचं लग्न शेवटी ४ डिसेंबरला झालं, बायपासच्या एका लॉनवर, वरात संध्याकाळी. पश्चिमेला शुक्र असा काही पेटला होता की विचारू नका, शेजारी चंद्राची बारीक कोर. मुलाच्या काकांचा हात धरून मी त्यांना बाजूला नेलं, म्हटलं काकासाहेब, हा बघा, याच्यासाठी थांबलो होतो ना आपण. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक करून नीट बघितलं आणि म्हणाले, 'अच्छा, ये है? मैं समझा ड्रोन वाले का है.'